माझ्या अर्जातली ताई

फॉर्ममधला सातवा प्रश्न असा होता : 'तुमच्या कामामुळे एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यात झालेला बदल पाचशे शब्दांत लिहा.'

आधीचे सहा प्रश्न मी एका दुपारी संपवले होते. नाव, शिक्षण, कामाचा परिसर, कामाचा विषय. सातव्यापाशी मात्र तीन दिवस अडकून बसलो. खरं उत्तर एका ओळीचं होतं. माझ्यामुळे कुणाच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही बदललेलं नव्हतं.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. समाजकार्याची पदवी घेऊन चिखलीतल्या एका छोट्या संस्थेत चार वर्षं काम केलं होतं. नवरा गेलेल्या बायकांची नावं शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर लागावीत, हा आमचा विषय. प्रकल्प संपला तशी संस्थाही संपली. खताच्या दुकानावरची भाड्याची खोली सोडली आणि संस्थेची पाटी मी घरी आणून कपाटामागे ठेवली. बाबा सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते काही बोलायचे नाहीत, पण सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली पेपरातली नोकरीची जाहिरात कापून ठेवलेली असायची. मला कचेरीत जायचं नव्हतं. मला 'कार्यकर्ता' राहायचं होतं. खेड्यापाड्यांत मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांसाठी एका मोठ्या फाउंडेशनची दोन वर्षांची फेलोशिप निघाली, तेव्हा वाटलं की ही मिळाली तरच आपण उरतो.

चौथ्या दिवशी मी ताईची गोष्ट लिहायला घेतली.

ताई लोणार तालुक्यातली. सुलतानपूरच्या अलीकडे एका फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि दीड-दोन मैल चालायचं, तिथे तिचं गाव. विहिरीवरची मोटर सुरू करताना नवऱ्याला शॉक लागला आणि तो जागीच गेला. मुलगी तेव्हा सहावीत होती. वारस म्हणून नाव लावायची वेळ आली तशी दोघे दीर आडवे झाले. "तू उद्या माहेरी जाशीन, मंग वावर कोनाचं?" ताईने त्यांच्याशी भांडण केलं नाही. तिने मृत्यूचा दाखला काढला, गावातले दोन साक्षीदार तयार केले, तलाठ्याकडे अर्ज दिला. दिरांनी हरकत घेतली, तशा सुनावण्या लागल्या. प्रत्येक सुनावणीला ती डबा बांधून एकटी गेली. तिसऱ्या वर्षी तिचं नाव लागलं. त्यानंतर तिने मुलीच्या एका वहीत आसपासच्या गावांतल्या अशाच नऊ बायकांची नावं लिहिली आणि त्या सगळ्यांना एकदम घेऊन कचेरीत गेली. त्या नऊपैकी आठ जणींची नावं लागली.

मी या सगळ्यात आलो तो तिसऱ्या वर्षी. तिचे दोन अर्ज मी चांगल्या अक्षरात लिहून दिले आणि शेवटच्या सुनावणीला तिच्या शेजारी बाकावर बसलो. त्या सुनावणीत मी एक शब्द बोललो नाही. बोलली ती.

अर्जात मी लिहिलं : 'मी पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा ती घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिने उंबरठा कधी ओलांडला नव्हता. आपल्याला काही हक्क असतात हेच तिला ठाऊक नव्हतं. मी तिला ते समजावलं आणि तिचा हात धरून कचेरीत घेऊन गेलो.'

तिच्या घराला अंधारा कोपराच नाही. पूर्वेला तोंड असलेल्या दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती विहिरीच्या काठावर उभी राहून फोनवर लाइनमनला झापत होती.

मी तिचं नाव बदललं. तेवढं केलं की आपण तिच्या खाजगीपणाची काळजी घेतली, असं मला खरंच वाटलं. तिला विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली नसती, फक्त 'वाचून दाखवा' म्हणाली असती. म्हणूनच विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात फाउंडेशनचे दोघे माझं काम बघायला आले. पुण्याचे एक वयस्क गृहस्थ होते आणि एक बाई, ज्यांना इंग्रजीशिवाय थोडीफार हिंदी येत होती. मी ताईला आधी फोन केला होता. "काही लोक येणार आहेत. माझ्या कामाबद्दल विचारतील."

"येऊ द्या ना भाऊ. मी भाकरी करून ठेवतो," ती म्हणाली होती.

आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. अंगणात बसल्यावर ती पुण्याच्या गृहस्थांना म्हणाली, "मी रोज वावरात जातो," आणि ते गालात हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला तिच्या बोलण्याची लाज वाटली, आणि मी घाईघाईने म्हणालो, "जाते म्हणायचंय त्यांना." ताईने माझ्याकडे बघितलं आणि मग पुढचं थोडं जपून बोलली.

गृहस्थ विहीर बघायला शेतात गेले, त्यांच्याबरोबर ताईने बोलावलेल्या बाकीच्या बायकाही गेल्या. अंगणात ताई, मी आणि त्या इंग्रजी बोलणाऱ्या बाई उरलो. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "यांनी तुम्हाला घराबाहेर कसं काढलं?" मी मराठीत विचारलं, "ताई, आपली ओळख कशी झाली ते सांगा."

"भाऊ तं मंग आले," ताई म्हणाली. "तिसऱ्या साली. आपलं काम चालूच होतं. पन अक्षर लय चांगलं हाये त्यायचं. त्यायनं लिवून देल्लं, ते साहेबाले बराबर वाचता आलं."

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, सगळ्यात कठीण काळात मी तिच्या आयुष्यात आलो आणि माझ्या शब्दांनी तिला बळ दिलं."

बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. ताई माझ्याकडे पाहून हसली. तिला वाटलं, भाऊने आपलं बोलणं नीट पोहोचवलं. निघताना तिने त्या बाईंना शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या.

फेलोशिप मला मिळाली.

बाबांनी गल्लीत पेढे वाटले. माझ्या कपाखालच्या जाहिराती थांबल्या. थोड्या महिन्यांनी फाउंडेशनची मराठी पुस्तिका आली. त्यात प्रत्येक फेलोला दोन पानं होती. माझ्या पानांवर पुण्याच्या गृहस्थांनी काढलेला एक फोटो होता. ताई पाठमोरी, हातात फाइल, शेताच्या बांधावरून चाललेली. बाबांनी ती पुस्तिका बैठकीतल्या काचेच्या कपाटात अशी ठेवली की बसणाऱ्याला समोर दिसावी. कुणीही आलं की ते चष्मा लावून वाचून दाखवायचे.

एका शनिवारी ताई आमच्याकडे आली. चिखलीच्या बाजारात वांगी विकायला आणली होती, त्यातली एक पिशवी आमच्यासाठी. "भाऊले मोठं काम लागलं असं आयकलं," ती बाबांना म्हणत होती. मी आत तोंड धूत होतो. बाहेर येईपर्यंत बाबांनी पुस्तिका काढली होती.

मी आतल्या खोलीच्या दारातच थांबलो.

बाबा मोठ्याने वाचत होते. कारकुनाचं वाचन, प्रत्येक शब्द सुटा आणि स्पष्ट. 'घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती.' ताई खुर्चीच्या टोकाला बसली होती, पदर सावरून. 'हात धरून कचेरीत घेऊन गेलो.' मध्ये थांबून बाबांनी तिला फोटोही दाखवला. तिने तो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि परत दिला. स्वतःची पाठ, स्वतःचं लुगडं, स्वतःचा बांध माणसाला ओळखू येतोच.

वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "बिचारी."

"हाव," ताई म्हणाली. "बिचारी."

मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं. मी चार-पाच मिनिटांनी आलो, जसं काही आत्ताच कळलं ती आलीय. तिने माझी खुशाली विचारली. चहा घेतला. वांग्याची भाजी कशी करायची ते आईला सांगितलं आणि पाचच्या एसटीने गेली. त्या पुस्तिकेबद्दल ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. रात्री जेवताना बाबांनी वांग्यांची तारीफ केली.

असं वाटलं होतं की आता आमचं येणं-जाणं संपेल. पण ती पूर्वीसारखीच फोन करत राहिली, कुठली बाई अडलीय, कुठला कागद कमी पडतोय. मी जात राहिलो. पूर्वीपेक्षा जास्तच काम केलं त्या दोन वर्षांत, हे खरं आहे. पण ते सांगून माझी बाजू भक्कम होत नाही.

फेलोशिप संपली त्या वर्षी ताईचा फोन आला. "भाऊ, त्याच फाउंडेशनचा फॉर्म निघाला हाये. गावात काम करनाऱ्या बायांसाठी. मले भराचा हाये. पोट्टीची परीक्षा हाये, तं तुमी भरून द्या."

मी लॅपटॉप घेऊन गेलो. त्याच अंगणात बसलो. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. सातवा प्रश्न तोच होता, फक्त शब्द थोडे बदललेले. मी म्हणालो, "ताई, इथे बचत गटाचं लिहू या का? सातबाऱ्याचं आता जुनं झालं."

"काऊन?" ती म्हणाली. "तेच तं म्या केलं."

"नाही, म्हणजे..."

"जसं झालं तसं लिवा भाऊ. इकडचं तिकडं नोको."

ती माझ्याकडे सरळ पाहत होती. तेव्हा मला कळलं की ती मला एक वाट देतेय. मी एवढंच म्हणायला हवं होतं की ताई, ही गोष्ट मी आधीच माझी म्हणून देऊन बसलोय. मी मान खाली घातली आणि जसं झालं तसं लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फॉर्म पाठवला.

तीन आठवड्यांनी फाउंडेशनमधून एका मुलीचा फोन आला. नम्र होती, तिथे नवीनच लागलेली; भेटीला आलेल्या दोघांपैकी आता तिथे कुणी नव्हतं. म्हणाली, "सर, एक अडचण आहे. या अर्जातली घटना तुमच्या पुस्तिकेतल्या घटनेशी जवळजवळ जुळते. तेच गाव, तेच दीर, त्याच सुनावण्या. पण यांनी सगळं स्वतः केलं असं लिहिलंय. आम्हाला वाटतं, त्यांनी तुमची पुस्तिका वाचून लिहिलं असावं. तुम्ही त्यांना ओळखता ना? काय आहे हे?"

मी आमच्या गच्चीवर होतो. खाली आई पापड वाळत घालत होती. मी म्हणालो, "बघतो. विचारून सांगतो."

सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, त्यालाही उत्तर दिलं नाही. मग ताईला मेसेजने कळवण्यात आलं की अर्जातल्या माहितीची खातरजमा होऊ शकली नाही. तिने मला फोन करून विचारलं, "भाऊ, खातरजमा म्हंजे काय?" आणि मी म्हणालो, "ताई, फार अर्ज येतात हो. सगळ्यांना नाही घेऊ शकत ते."

त्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पुस्तिकेतल्या पानांपेक्षाही. ती पानं लिहिली तेव्हा ताई माझ्यासमोर नव्हती, मी एका कोऱ्या चौकोनाशी खोटं बोलत होतो. हे मात्र तिच्या कानात सांगितलं.

पण कचेरीच्या सुनावण्या लढलेली बाई ती. एवढ्यावर गप्प बसणार नव्हती. तिने मेसेजमधल्या नंबरावर स्वतः फोन लावला आणि विचारलं. फाउंडेशनच्या त्या मुलीने तिला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की सरांना आम्ही विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी ती आमच्या घरी आली. या वेळी हातात पिशवी नव्हती. बाबा बैठकीत पेपर वाचत होते. मी उठून उभा राहिलो.

"त्यायनं तुमाले इचारलं होतं?" तिने उभ्यानेच विचारलं.

"हो."

"मंग?"

"मी काही बोललो नाही."

"काऊन?"

बाबांनी पेपर खाली ठेवला.

"तवा तुमच्या बाबानं वाचून दाखवलं, तवा म्या काई म्हनलं नाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "घरी जाऊन पोट्टीले सांगतलं तं ते रडाले लागली. म्या म्हनलं, जाऊ दे. भाऊले काम पायजे. गोष्ट सांगतली तं माह्या वावरातलं ढेकूळ कमी होत नाई. पन आता माह्या तोंडून माहीच गोष्ट खोटी झाली. त्या पोरीनं मले इचारलं, तुमी कुठं वाचलं हे? मले इचारलं. कुठं वाचलं."

बाबा हळूच म्हणाले, "कोणती गोष्ट?" आणि मग त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. त्यांना सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले आणि तपासले होते. त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर धरून ठेवला.

"पत्र लिवा," ताई म्हणाली. "आता. माह्यासमोर."

मी लॅपटॉप आणला. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, त्या सुनावणीच्या दिवशी बसलो होतो तसे आम्ही. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'या महिलेने अनेक वर्षे अन्याय सहन केला...'

"ते काढा. सहन नाई केला म्या."

काढलं. 'तिच्या संघर्षात माझा छोटासा सहभाग होता...'

"काय होता? ते लिवा."

मी लिहिलं, 'मी तिचे दोन अर्ज लिहून दिले आणि एका सुनावणीला तिच्या शेजारी बसलो.' ती म्हणाली, "हां." मग मी लिहिलं की पुस्तिकेतली माझी दोन पानं खोटी आहेत, भेटीच्या दिवशी मी तिचं बोलणं चुकीचं सांगितलं, आणि तुमचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिलो. हे लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ताईने त्याकडे लक्ष दिलं नाही. तिने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि पाठवायला सांगितलं.

ती निघाली तेव्हा बाबा उठून उभे राहिले. "बाई, मी तुम्हाला बिचारी म्हणालो होतो."

"तुमाले काय मालूम, काका," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

बाबांनी त्या दिवशी पुस्तिका कपाटातून काढली. कुठे ठेवली ते मला माहीत नाही. जाहिराती मात्र पुन्हा दिसायला लागल्या, आणि एका जाहिरातीवर मी अर्ज केला. आता मी एका खाजगी शाळेच्या कार्यालयात काम करतो.

फाउंडेशनचं उत्तर आलं. त्यांनी माझी पानं काढून टाकली आणि माझं नाव माजी फेलोंच्या यादीतून वगळलं. मी ते योग्यच समजतो. ताईची माफी त्यांनी वेगळं पत्र पाठवून मागितली, पण त्या वर्षीची निवड झालेली होती, ती उघडता येत नव्हती. पुढच्या वर्षी तिच्या मुलीने तिचा अर्ज भरला. मला त्या दोघींनी विचारलं नाही, सांगितलंही नाही. निवड झालेल्यांच्या यादीत मी तिचं नाव वाचलं. खरं नाव, पूर्ण. मुलाखतीला ती मलकापूरहून रेल्वेने गेली होती आणि तिथे सगळं 'मी करतो, मी जातो' असंच बोलली, हे मला नंतर दुसऱ्या एका कार्यकर्त्याने सांगितलं. तो हसत सांगत होता. मी त्याला म्हणालो, आमच्याकडे तसंच बोलतात.

तिने माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही. क्वचित फोनही येतो, एखाद्या कागदाबद्दल. आता ती मला सर म्हणते.

एक गोष्ट त्या पत्रात मी लिहिली नव्हती, कारण ताई फक्त स्वतःबद्दल विचारत होती. फेलोशिपच्या दोन वर्षांत मी फाउंडेशनला जे अहवाल पाठवले, त्यांत आणखी सहा बायकांच्या गोष्टी होत्या. त्या ताईच्या गोष्टीइतक्या खोट्या नाहीत, पण प्रत्येकीत मी कुठे ना कुठे थोडा पुढे उभा आहे. ते मी गेल्या वर्षी फाउंडेशनला वेगळं कळवलं आणि मग एकेकीकडे जायला लागलो. अहवालातला तिचा भाग छापून नेतो आणि वाचून दाखवतो. पहिली हसत सुटली, म्हणाली, "हे कवा झालं हो?" दुसरीने पाणी दिलं, सगळं ऐकलं, आणि तो कागद घडी करून स्वतःजवळ ठेवला. परत दिला नाही.

चौघी राहिल्या आहेत. त्यातली एक आता मलकापूरकडे लेकीजवळ राहायला गेलीय म्हणतात. रविवारी तिचा पत्ता काढायला जायचं आहे.